चिअरलीडिंग, लेझीम आणि सगळ्यात वरचं पोरगं

या भागाचा ऑडिओ बऱ्याच जणांनी गाडी चालवताना ऐकला आणि मग मेसेज केले की नावं नीट कळली नाहीत, लिहून टाक. म्हणून हे लिखित रूप. 'अं', 'म्हणजे' आणि मागून जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका फोनवरून झाली. ताईचा फोन. माझी भाची सातवीत आहे. शाळेत १७ सप्टेंबरचा कार्यक्रम बसवताहेत. मराठवाड्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे झेंडावंदन एक जास्तीचं असतं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आम्ही निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यामुळे पोरांना कवायतही एक जास्तीची. तर या वर्षी मुलींचं लेझीम पथक आणि शेवटी मानवी मनोरा, चार थरांचा. भाची वजनाने हलकी म्हणून तिला सगळ्यात वर घेतलंय. ती खूश, ताई घाबरलेली. ताई म्हणाली, "तू ते जपानी चिअरलीडिंगचं कार्टून बघतोस ना, त्यात मुली एकमेकींच्या खांद्यावर चढतात. मग सांग मला, पाठवू का नको?"

पहिली गोष्ट, कार्टून नाही, ॲनिमे. ताईला हे दहा वर्षं सांगतोय. दुसरी गोष्ट, प्रश्न बरोबर होता आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही ते पुढे सांगतो.

ताई म्हणत होती ती मालिका म्हणजे 'ॲनिमा येल!'. त्सुकासा उनोहाना यांच्या मांगावरून डोगा कोबो या स्टुडिओने केलेली, २०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आलेली, १२ भागांची. कोहाने नावाची मुलगी हायस्कूलमध्ये जाते. इतरांना मदत करायची तिला भारी हौस, आणि उंचीची भीती. ती चिअरलीडिंग बघते आणि ठरवते, हेच करायचं. मग हिझुमे नावाच्या मुलीच्या मागे लागते, जिने आधी चिअरलीडिंग केलेलं आणि सोडून दिलेलं असतं. हळूहळू पाच मुली जमतात. एवढीच गोष्ट. व्हिलन नाही, जगबुडी नाही. रात्री ऑफिसचा शेवटचा कॉल संपल्यावर डोकं शांत करायला बघावी अशी. पण एक गोष्ट त्यांनी नीट दाखवलीय. वर चढणारी मुलगी म्हणजे 'टॉप', खाली धरणाऱ्या 'बेस' आणि मागे उभी राहणारी 'स्पॉट'. या तिसरीला टाळ्या मिळत नाहीत. तिचं काम एकच: वरची पडली तर झेलायचं. हा 'स्पॉट' शब्द लक्षात ठेवा.

आता इतिहास. चिअरलीडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयपीएल येतं, पण याची सुरुवात पुरुषांनी केली. नोव्हेंबर १८९८, अमेरिकेतलं मिनेसोटा विद्यापीठ. त्यांची फुटबॉल टीम हरत चाललेली. जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका तालात घोषणा म्हणवून घेतल्या. त्याला पहिला चिअरलीडर मानतात. पुढची दोन दशकं हे पोरांचंच काम होतं. मिनेसोटात मुलींना १९२३ मध्ये घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात पोरं लढायला गेल्यावर मैदानं मुलींच्या ताब्यात आली. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर या गृहस्थाने टेक्सासमध्ये पहिलं शिबिर भरवलं. ५२ मुली आणि १ मुलगा. त्या एका मुलाचा विचार मी बऱ्याच वेळा केलाय. पुढे याच हर्किमरने पॉमपॉमचं पेटंट घेतलं, म्हणजे बिझनेस मॉडेलही त्याचंच.

जपानची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त मजेची. तिथे चिअरलीडिंग यायच्या कितीतरी आधीपासून 'ओएनदान' होते. कॉलेजची पोरं काळा बंद गळ्याचा युनिफॉर्म घालून, मोठा ढोल लावून, पाठ ताठ ठेवून घसा फाटेपर्यंत ओरडायची. वासेदा आणि केइओ या दोन विद्यापीठांत १९०३ मध्ये बेसबॉलचा सामना सुरू झाला. १९०६ मध्ये दोन्ही बाजूंच्या समर्थकांचा जोश इतका वाढला की मारामारीच्या भीतीने सामना रद्द करावा लागला. किती दिवसांसाठी? १९२५ पर्यंत! म्हणजे प्रोत्साहन देणाऱ्यांनी खेळच १९ वर्षं बंद पाडला. आपल्याकडे गणपतीत दोन मंडळांचे डीजे समोरासमोर आले की जे होतं, त्याचाच हा जपानी अवतार.

तर हा ओएनदान आणि अमेरिकन चिअरलीडिंग यांचं तिथे मिश्रण झालं. १९८० च्या दशकाच्या शेवटी राष्ट्रीय संघटना आणि स्पर्धा सुरू झाल्या. २००९ मध्ये फुकुईसारख्या आडबाजूच्या शहरातल्या एका कॉमर्स हायस्कूलच्या मुली अमेरिकेत जाऊन चिअर डान्सची स्पर्धा जिंकून आल्या. त्यांच्यावर २०१७ मध्ये सिनेमा निघाला. वासेदामध्ये तर फक्त मुलांचं चिअर पथक आहे, 'शॉकर्स'. त्यावरून 'चिअर बॉइज!!' ही कादंबरी आली आणि २०१६ मध्ये ॲनिमे. पोरांनी सुरू केलेला खेळ मुलींचा झाला आणि मग पोरांना त्यात परत यायला संकोच वाटायला लागला, असं ते चक्र फिरलं.

आणि आपल्याकडे? १८ एप्रिल २००८, बेंगळुरू, आयपीएलचा पहिला सामना. बेंगळुरूच्या टीमने अमेरिकेतून, वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमच्या चिअरलीडर आणल्या होत्या. पुढच्या काही दिवसांत महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो तिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. हे अश्लील आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं मंत्र्यांपासून सगळे बोलले. मी तेव्हा शाळेत होतो. घरी चिअरलीडर दिसल्या की बाबा चॅनल बदलायचे आणि ओव्हरचा पहिला बॉल आमचा रोज बुडायचा. मग २०११ मध्ये पुणे वॉरियर्स टीम आली आणि त्यांनी उपाय काढला: चिअरलीडर नाहीत, 'चिअर क्वीन्स'. साडी वगैरे नेसून, भारतीय शास्त्रीय नृत्याच्या ढंगात. चौकार गेला की नृत्याचा तुकडा. हेतू चांगला असेल, पण मला ते तेव्हाही विनोदी वाटलं होतं आणि आजही वाटतं. कारण मैदानावर एका तालात, एका पोशाखात पथकाने काहीतरी करून बघणाऱ्यांच्या अंगात वीज भरायची, हे शोधायला शास्त्रीय नृत्याकडे जायची गरजच नव्हती. ते प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कपाटात, कुलूप लावून, धूळ खात पडलेलं असतं. लेझीम!

लेझीमबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिच्या नावातच आहे. 'लेझम' हा फारसी शब्द. अर्थ: सरावाचं, हलकं धनुष्य, ज्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी असते. तिरंदाजाचे दंड तयार व्हावेत म्हणून. इराणच्या जुन्या व्यायामशाळांत असं साखळीचं जड धनुष्य डोक्यावर धरून हलवतात, त्याचे व्हिडिओ बघा. आवाज ऐकल्यावर तुम्हाला शाळेचं मैदान आठवेल. म्हणजे आपण ज्याला अस्सल गावरान मराठी म्हणतो त्याचं नाव इराणी आणि काम मूळचं लष्करी. मला याचं मुळीच वाईट वाटत नाही. मी छावणीत वाढलोय.

छावणी म्हणजे आमचं कॅन्टोन्मेंट, नगर नाक्याच्या अलीकडचं. एका अंगाला खाम नदी, पलीकडे मिलिंद कॉलेजचा परिसर. इथे निजामाच्या राज्यात असूनही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कन्टिन्जन्टची फौज होती. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या घोडदळाने उठाव केला होता. तो एक वेगळा भाग होईल, यादीत आहे. सांगायचा मुद्दा, आमच्या गल्लीत मराठी, दखनी, इंग्रजी आणि फौजी हिंदी एकाच वाक्यात यायची. 'कवायत' हा शब्दसुद्धा अरबीतला, 'कायदा'चं अनेकवचन. आणि लेझीमचे हुकूम आठवा, पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवून दिलेले: चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. मराठी माध्यमाची शाळा, शिकवणारे मराठी सर, करणारी मराठी पोरं, आणि हुकूम सगळे हिंदुस्तानीत! लहानपणी आम्हाला वाटायचं की सर लष्करात होते म्हणून असं बोलतात. नंतर कळलं की सगळ्या महाराष्ट्रात असंच आहे. आखाड्याची भाषा शाळेत आली आणि कुणी ती भाषांतरित करायच्या भानगडीत पडलं नाही. बरं झालं. 'चार ध्वनी, एक स्थान' असं ऐकून कुणाचे पाय उचलले असते?

आखाड्यातून शाळेत हा जो प्रवास झाला, त्यात मल्लखांबाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि त्यात आमचं मराठवाडी कनेक्शनही आहे, फक्त खलनायकाच्या बाजूने. दंतकथा अशी: दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे दोन पहिलवान आले, अली आणि गुलाब. आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागितली, वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला, तिथे माकडांच्या उड्या बघत खांबावर डाव बसवले, परत आला आणि गुलाबला चीत केलं. अलीने मग लढायलाच नकार दिला. माकडांचं किती खरं, ते तुम्ही ठरवा. पण बाळंभटदादा खरे, पेशव्यांचे ते व्यायामगुरू होते, आणि मल्लखांबाचं आजचं रूप त्यांच्यापासून मोजतात. मूळ खांब हा पहिलवानाचा जोडीदार, म्हणजे सरावाचं साधन. जसं लेझीम तिरंदाजाचं. दोन्ही साधनं आपापल्या लढाया संपल्यावरही जिवंत राहिली, कारण लोकांना ती बघायला आवडली.

विसाव्या शतकात व्यायामशाळांनी हे सगळं उचललं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे कबड्डी, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. कल्पना करा, अमरावतीहून मुंबई, मुंबईहून बोट. मुंबईत शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. तिथले उदय देशपांडे यांनी मल्लखांब परदेशात नेला, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा त्याच शिवाजी पार्कवर झाली. बडोद्याला मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत काढला. दहा खंड! आज आपण कुठल्याही विषयावर मराठीत दहा खंड काढून दाखवावेत. आणि १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनाला महाराष्ट्राचं लेझीम पथक मैदानात उतरलं. त्यावेळी रंगीत टीव्ही नुकताच आला होता, त्यामुळे बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा रंगीत जे बघितलं त्यात लेझीम होती.

हे झालं कौतुकाचं. आता मनोऱ्याकडे येतो, आणि इथे माझा सूर जरा बदलेल.

मी आठवीत असताना आमच्या शाळेतही मनोरा होता. शाळेचं नाव घेत नाही. चार थर. गुडघे आणि हात जमिनीवर टेकून घोडा व्हायचं, खाली चार जण, त्यांच्यावर तीन, मग दोन, मग एक. मी तेव्हा चांगला गुटगुटीत होतो म्हणून खालच्या रांगेत, मधे. वर आमच्याच गल्लीतला एक पोरगा, हडकुळा. मैदान म्हणजे ठोकून बसवलेला मुरूम. गाद्या नव्हत्या. त्या शाळेत तर लेझीमसुद्धा अर्ध्याच पोरांना पुरायच्या. तीन आठवडे सराव झाला, रोज नीट झालं. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांचं भाषण लांबलं, ऊन चढलं, मुरूम तापला. मला आठवतं, गुडघ्याखाली एक खडा होता. तो काढायला मी हात हलवला नाही, पण अंग जरासं डावीकडे गेलं. एवढंच. वरून आवाज आला, मग मुरमावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. त्याचं मनगट मोडलं. दोन ठिकाणी. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना वाटलं की मनोरा असाच उतरतो.

खडा होता हे मी कुणालाच सांगितलं नाही. तो हात पुढे बसला, पण थोडा वाकडा. आजही तो पोरगा चहाचा कप डाव्या हाताने उचलतो. आम्ही दिवाळीत भेटतो. तो या विषयावर हसतो. मला अजून तितकं हसू येत नाही.

इंजिनिअर झाल्यावर एकदा बसून मी त्या मनोऱ्याचा हिशोब केला. साधा आहे, तुम्हीही करा. प्रत्येक जण आपलं आणि आपल्यावरचं वजन खालच्या दोघांत अर्धं-अर्धं देतो असं धरा. सगळ्यांचं वजन सारखं धरा. वरचा एक, त्याच्याखालच्या दोघांवर अर्धं-अर्धं वजन. तिसऱ्या रांगेत कडेच्यांवर पाऊण, मधल्यावर दीड. चौथ्या रांगेत कडेच्यांवर ०.८७५ पट, आणि मधल्या दोघांवर २.१२५ पट. म्हणजे ३० किलोचं पोर असेल तर कडेच्यावर २६ किलो आणि मधल्यावर जवळजवळ ६४ किलो. बाहेरून बघताना चौघं सारखेच दिसतात. मधल्याच्या पाठीवर आख्खा मोठा माणूस बसलाय हे दिसत नाही, आणि त्याने अंग हलवलं तर सगळ्यांत लांबून पडतो तो ज्याचा काही दोष नाही. आमच्या कामात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सर्व्हर असता तर मी रिव्ह्यूमध्येच अडवला असता.

मला वाटायचं हा आपल्याच शाळांचा गलथानपणा. मग ॲनिमेच्या नादात जपानबद्दल वाचताना कळलं की तिथे शाळेच्या क्रीडादिनाला 'कुमिताइसो' असते, आणि त्यात पोरं अगदी असेच मनोरे करतात. त्यांनी तर सात-आठ-दहा थरांपर्यंत नेलं, शाळाशाळांत चढाओढ लागली. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ओसाकाजवळच्या याओ शहरात एका शाळेचा दहा थरांचा मनोरा कोसळला, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. नागोया विद्यापीठाचे र्यो उचिदा त्याआधीपासून आकडे मांडत होते: देशभरात कुमिताइसोमध्ये वर्षाला ८,००० पेक्षा जास्त इजा. त्यांना उत्तर काय मिळालं? ही परंपरा आहे, यातून पोरांना एकी कळते, पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. शेवटी २०१६ मध्ये ओसाका शहराच्या शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत मनोरे बंद केले.

आता त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं बघा. दहीहंडी. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीजमध्ये नोंद झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, १८ वर्षांखालची मुलं नकोत आणि उंची २० फुटांवर नको. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्यात ढील दिली. २०१६ मध्ये तिथेच पुन्हा १८ वर्षं आणि २० फूट. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचं बंधन काढलं आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला, विम्यासकट. युक्तिवाद तेच: परंपरा, एकी, आणि 'आमच्या पथकात कुणी पडत नाही'.

पण एक फरक आहे आणि तो मी प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. मुंबईचं चांगलं पथक आमच्या शाळेपेक्षा शंभर पटीने जास्त व्यवस्थित असतं. मी एका वर्षी कामानिमित्त तिकडे राहत होतो, तेव्हा रात्री उशिरापर्यंत सराव बघितलाय. गुरुपौर्णिमेच्या आसपास सुरू होतो. खालच्या थराभोवती माणसांचं कडंच्या कडं असतं, वर हात करून. ते मनोऱ्यात मोजले जात नाहीत. वरचे एकेरी थर, ज्यांना ते 'एक्के' म्हणतात, चढण्याआधी खालून आवाज येतो आणि तो आला नाही तर कुणी चढत नाही. हंडी न फोडता थर लावून, हात जोडून तसेच सुखरूप उतरतात, त्याला 'सलामी' म्हणतात. उतरणं हासुद्धा कसबाचाच भाग. आमच्या सरांनी आम्हाला चढायला तीन आठवडे शिकवलं. उतरायला कधीच नाही.

अमेरिकेतही हीच अक्कल पडूनच आली. २००६ च्या मार्चमध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात सदर्न इलिनॉय विद्यापीठाची एक चिअरलीडर मनोऱ्यावरून डोक्यावर पडली. स्ट्रेचरवर बांधून नेत असताना बँडने विद्यापीठाचं गाणं वाजवलं आणि ती आडवी पडून हातांनी स्टेप करत राहिली. लोक भारावून गेले, टीव्हीवर कौतुक झालं. मी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि दुसऱ्यांदा मला राग आला. तिच्यावर नाही, बँडवर. पण त्यानंतर तिथे नियम कडक झाले, गादी नसेल तर बास्केटबॉलच्या कोर्टवर उंच मनोरे बंद. आज आंतरराष्ट्रीय संघटना आहे, पातळ्या ठरलेल्या आहेत, कुठल्या वयाला किती उंच हे लिहिलेलं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ऑलिम्पिक समितीने चिअरलीडिंगच्या त्या संघटनेला पूर्ण मान्यता दिली. ज्या गोष्टीसाठी बाबा चॅनल बदलायचे ती आता ऑलिम्पिकच्या दारात आहे.

तर ताईला काय सांगितलं?

आधी मी 'नको पाठवू' असंच टाइप केलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं. कारण भाचीचा व्हॉइस मेसेज आला होता. "मामा, मी वर गेल्यावर मला सगळं मैदान दिसतं. छावणीचं झाडपण दिसतं." तिला उंचीची भीती वाटते का विचारलं तर म्हणाली, वाटते, पण वर गेल्यावर वाटत नाही, चढताना वाटते. कोहानेचाच संवाद असावा असं वाक्य, आणि तिने ती मालिका बघितलेलीसुद्धा नाही.

मग शनिवारी मी शाळेत गेलो. मामा म्हणून, हातात वही घेऊन. पीटीच्या बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं: २.१२५ चा हिशोब, याओ, ओसाका. खडा आणि मनगटही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, मला चौथा थर नकोच होता. वरून सांगितलंय, पाहुणे येणार आहेत." मी म्हटलं, पालकांकडून लेखी अर्ज आला तर? त्या म्हणाल्या, "चार-पाच आणा, एकाने होत नाही."

ताईने रात्रीत अकरा जमवले. सोसायटीच्या ग्रुपवर ती काय चीज आहे ते तुम्हाला माहीत नाही. मनोरा तीन थरांवर आला. जिम्नॅस्टिक्सवाल्या एका ओळखीच्याकडून जुन्या चार गाद्या मिळाल्या. आणि बाईंनी लेझीमच्या रांगेतल्या सहा उंच मुली बाजूला काढून मनोऱ्याच्या भोवती उभ्या केल्या, हात वर करून. त्यांना नाव काय द्यायचं यावर चर्चा झाली. मी 'स्पॉट' सुचवलं, कुणाला आवडलं नाही. एका मुलीने 'झेलकरी' म्हटलं, तेच ठरलं. पण त्या सहा जणींची तक्रार होती की लेझीमही गेली आणि फोटोतही पाठच येणार. म्हणून उतरताना शेवटचे चार आवाज त्यांच्या हातात लेझीम देऊन त्यांच्याकडूनच घ्यायचे असं ठरलंय.

तीन थर म्हटल्यावर भाचीने तोंड फुगवलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: "झाड अजून दिसतं. पण वरचं घरटं नाही दिसत."

कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे. मी सुट्टी टाकलीय, आणि त्या वाकड्या मनगटवाल्यालाही बोलावलंय. तो म्हणाला येतो, पण मैदानाच्या त्या बाजूला उभा राहणार नाही.

पुढच्या भागात १८५७ ची छावणी. तोपर्यंत, तुमच्या शाळेतल्या मनोऱ्यात तुम्ही कितव्या थरावर होतात ते कळवा. आणि लेझीमचा 'घोरपड' हा प्रकार कुणाला नीट येत असेल तर व्हिडिओ पाठवा, भाचीच्या बाईंना हवाय.